संगणकावर मेल उतरवताना सर्व्हरवरची प्रत कशी जपावी

कार्यालयातील संगणकावर थंडरबर्ड किंवा आउटलुक हा मेल वाचण्याचा प्रोग्राम उघडला की सकाळपासून आलेले सगळे संदेश नीट दिसतात, पण संध्याकाळी तेच खाते मोबाइलवर किंवा ब्राउझरमध्ये उघडले की इनबॉक्स रिकामा असतो. सनदी लेखापालांची कार्यालये, वकिलांची कार्यालये, छोटे कारखाने, शिक्षणसंस्था अशा ठिकाणी, जिथे स्वतःच्या नावाचे डोमेन (इंटरनेटवरील नाव) घेऊन होस्टिंग कंपनीकडून, म्हणजे सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीकडून, मेलखाती घेतलेली असतात, तिथे ही तक्रार वारंवार ऐकू येते. यात बहुतेक वेळा बिघाड कुठेच झालेला नसतो. मेल उतरवून घेतल्यावर सर्व्हरवरची (म्हणजे मेल येऊन साठतात त्या कंपनीच्या संगणकावरची) प्रत काढून टाकावी अशी सूचना संगणकावरील प्रोग्रामला कोणीतरी, पुष्कळदा नकळत, दिलेली असते आणि प्रोग्राम ती निमूटपणे पाळत असतो. ही सूचना कुठे असते, ती कशी बदलावी आणि बदलण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

संदेश सर्व्हरवरून जातो कसा

सर्व्हरवरून मेल घेण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत, पॉप आणि आयमॅप. पॉपची आज वापरात असलेली तिसरी आवृत्ती १९८८ साली प्रथम मांडली गेली आणि तिचे सध्याचे मानक १९९६ सालचे आहे. त्या काळी लोक टेलिफोनच्या तारेवरून थोडा वेळ इंटरनेटला जोडले जात आणि सर्व्हरवरची जागा महाग असे. म्हणून जोडणी करायची, मेल उतरवून घ्यायचे, सर्व्हर मोकळा करायचा आणि जोडणी तोडायची, असा या पद्धतीचा साधा हिशोब होता.

मात्र पॉपमध्ये ‘उतरवणे’ आणि ‘पुसणे’ या दोन स्वतंत्र आज्ञा आहेत, हे नीट लक्षात घ्यायला हवे. नुसता संदेश उतरवल्याने तो सर्व्हरवरून जात नाही. प्रोग्रामने पुसण्याची आज्ञा वेगळी दिली तरच तो जातो. तीही आज्ञा लगेच अमलात येत नाही. सर्व्हर त्या संदेशावर फक्त खूण करून ठेवतो आणि प्रोग्रामने रीतसर निरोप घेतल्यावरच खूण केलेले संदेश काढून टाकतो. जोडणी मध्येच तुटली तर त्या फेरीत काहीच पुसले जात नाही. त्यामुळे ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ ही सोय सर्व्हरने दिलेली नसून ती संगणकावरील प्रोग्रामची आहे. प्रोग्राम पुसण्याची आज्ञा देत नाही, एवढाच तिचा अर्थ. म्हणूनच ती प्रत्येक संगणकावर आणि प्रत्येक खात्यासाठी वेगळी तपासावी लागते.

प्रत सर्व्हरवर राहिली तर पुढच्या वेळी तोच संदेश पुन्हा का उतरत नाही, असा प्रश्न साहजिक आहे. सर्व्हर प्रत्येक संदेशाला एक कायमची ओळखखूण देतो. कोणत्या खुणांचे संदेश आपण आधीच घेतले आहेत याची यादी प्रोग्राम स्वतःजवळ ठेवतो आणि प्रत्येक वेळी ती सर्व्हरच्या यादीशी ताडून पाहतो. थंडरबर्डमध्ये ही यादी खात्याच्या फोल्डरमधील ‘पॉपस्टेट’ नावाच्या छोट्या फाइलमध्ये असते. या यादीचा संदर्भ पुढे पुन्हा येणार आहे.

आधी पद्धत ठरवा

सेटिंग बदलण्याआधी आपल्याला पॉप खरोखर हवे आहे का, याचा विचार करावा. आयमॅपमध्ये मूळ संदेश सर्व्हरवरच राहतात आणि संगणकावर दिसतो तो त्यांचा आरसा असतो. फोल्डर, वाचले-न वाचलेची नोंद, पाठवलेले संदेश हे सगळे सर्व्हरवर असल्यामुळे कार्यालयातील संगणक, लॅपटॉप आणि मोबाइल यांवर एकच चित्र दिसते. एकच खाते दोन किंवा अधिक उपकरणांवर उघडायचे असेल आणि सर्व्हरवर पुरेशी जागा असेल, तर माझ्या मते आयमॅपच घ्यावे.

तरीही पॉपला जागा आहे. होस्टिंग योजनेत प्रत्येक खात्याला मिळणारी जागा फार थोडी असेल, कार्यालयाच्या एका संगणकावर सगळा पत्रव्यवहार स्वतंत्रपणे साठवून ठेवायचा असेल, किंवा सर्व्हरवर काहीही झाले तरी आपल्याजवळची प्रत हलू नये अशी गरज असेल, तर पॉप उपयोगाचे ठरते. फक्त त्याच्या मर्यादा माहीत असाव्यात. पॉप साधारणपणे केवळ इनबॉक्स पाहते. स्पॅममध्ये गेलेला किंवा सर्व्हरवरच्या नियमाने दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकलेला संदेश पॉपने संगणकावर येत नाही. संगणकावर वाचलेला संदेश वेबमेलमध्ये, म्हणजे ब्राउझरमधून खाते उघडल्यावर, न वाचलेलाच दिसत राहतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपण पाठवलेले संदेश पॉप सर्व्हरवर चढवत नाही. ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ ही खूण कितीही काळजीपूर्वक केली तरी आपली उत्तरे त्या एकाच संगणकाच्या ‘सेंट’ फोल्डरमध्ये पडून राहतात. यावर उपाय म्हणजे पाठवताना बीसीसीमध्ये (इतरांना न दिसणाऱ्या प्रतीच्या रकान्यात) आपलाच पत्ता आपोआप यावा अशी व्यवस्था करणे. थंडरबर्डमध्ये ती खात्याच्या ‘कॉपीज अँड फोल्डर्स’ या पानावर आहे.

हात लावण्यापूर्वी

सर्वप्रथम ब्राउझरमधून वेबमेल उघडून सर्व्हरवर आत्ता किती संदेश आहेत, सर्वांत जुना कोणत्या तारखेचा आहे आणि किती जागा वापरली गेली आहे, हे कागदावर टिपून ठेवावे. नंतर काही कमी झाले की नाही, हे कळण्याचा दुसरा सोपा मार्ग नाही.

त्यानंतर संगणकावरील मेलची प्रत घ्यावी. थंडरबर्डमध्ये ‘हेल्प’ मेनूतील ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ या पानावरून प्रोफाइल फोल्डर उघडता येते. प्रोग्राम पूर्ण बंद करून ते फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवावे. आउटलुकमध्ये पॉप खात्याचे संदेश पीएसटी फाइलमध्ये असतात; ‘अकाउंट सेटिंग्ज’मधील ‘डेटा फाइल्स’ या भागात तिचे ठिकाण दिसते.

नवीन संगणकावर खाते जोडताना धोका अधिक असतो, कारण खाते तयार होताक्षणी प्रोग्राम मेल उतरवू लागतो आणि सेटिंग तपासायला सवडच मिळत नाही. त्यामुळे खाते जोडून होताच प्रोग्राम ‘वर्क ऑफलाइन’ स्थितीत न्यावा, तेही जमणार नसेल तर काही मिनिटे इंटरनेटची जोडणी काढावी, सेटिंग नीट करावे आणि मगच मेल मागवावे.

थंडरबर्डमध्ये

‘अकाउंट सेटिंग्ज’ उघडून डावीकडच्या यादीत आपल्या खात्याखालील ‘सर्व्हर सेटिंग्ज’ निवडावे. सर्वांत वर सर्व्हरचा प्रकार लिहिलेला असतो. तिथे ‘आयमॅप’ असेल तर संदेश सर्व्हरवरच आहेत आणि पुढची खूण दिसणारच नाही. ‘पॉप’ असेल तर पोर्ट (सर्व्हरशी जोडणीचा क्रमांक) ९९५ आणि सुरक्षा ‘एसएसएल/टीएलएस’ (सांकेतिक रूपातील जोडणी) आहे ना, हे आधी पाहावे. पोर्ट ११० वर सुरक्षा ‘नन’ असेल, तर पासवर्ड आणि संदेश दोन्ही उघडेच जात असतात. ते बदलण्यासाठी होस्टिंग कंपनीकडून सर्व्हरचे अचूक नाव मागून घ्यावे.

त्याच पानावर ‘लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर’ ही चौकट आहे. तिच्यावर खूण करावी. तिच्याखाली आणखी दोन चौकटी आहेत आणि घोळ बहुधा तिथेच होतो. पहिली, ‘फॉर अॅट मोस्ट’ इतके दिवस. खाते जोडल्यावर इथे पुष्कळदा १४ हा आकडा भरलेला आढळतो. अशा खात्यावर वरची मुख्य खूण पाहून माणूस निर्धास्त होतो, आणि दोन आठवड्यांनंतर जुने संदेश सर्व्हरवरून ओळीने जाऊ लागतात. हे दिवस तो संदेश या संगणकावर उतरवल्यापासून मोजले जातात. सर्व्हरवर सगळेच ठेवायचे असेल तर ही खूण काढावी. जागेची अडचण असेल तर दिवसांचा आकडा मोठा करावा. माझ्या मते तो ९० पेक्षा कमी नसावा, कारण सुट्ट्या, आजारपण किंवा संगणकाची दुरुस्ती यांत महिना सहज जातो.

दुसरी चौकट ‘अन्टिल आय डिलीट देम’ ही आहे. तिच्यावर खूण असेल तर संगणकावरून पुसलेला संदेश पुढच्या फेरीत सर्व्हरवरूनही पुसला जातो. एकट्या माणसाच्या खात्यासाठी हे सोयीचे आहे, कारण नको असलेले मेल दोनदा काढावे लागत नाहीत. मात्र तेच खाते दोघेजण पाहत असतील तर ही खूण काढून टाकावी. एकाने आपल्या टेबलावरची साफसफाई केली की दुसऱ्याने अद्याप न पाहिलेला संदेश त्यात जाऊ शकतो.

आयमॅप खाते असणाऱ्यांनीही एक गोष्ट पाहून घ्यावी. ‘सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज’ या पानावर डिस्कची जागा वाचवण्याच्या नावाखाली ठरावीक दिवसांपेक्षा जुने संदेश काढण्याचा पर्याय आहे. तो आपल्या संगणकापुरता आहे असे वाटते, पण आयमॅप खात्यात तो सर्व्हरवरचे मूळ संदेशही कायमचे पुसतो. तिथे ‘डोन्ट डिलीट एनी मेसेजेस’ हेच निवडलेले असावे.

आउटलुकमध्ये

विंडोजवरील नेहमीच्या आउटलुकमध्ये ‘फाइल’, मग ‘अकाउंट सेटिंग्ज’, पुन्हा ‘अकाउंट सेटिंग्ज’ असे जाऊन खाते निवडावे आणि ‘चेंज’ दाबावे. जुन्या आवृत्त्यांत तिथून ‘मोअर सेटिंग्ज’ आणि ‘अॅडव्हान्स्ड’ या पानावर जावे लागते. अलीकडच्या आवृत्त्यांत तो रस्ता दिसला नाही, तर विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमधील ‘मेल’ या चिन्हावरून जुनी खिडकी उघडता येते. ‘लीव्ह अ कॉपी ऑफ मेसेजेस ऑन द सर्व्हर’ या चौकटीवर खूण करावी. तिच्याखाली ठरावीक दिवसांनंतर काढण्याची आणि ‘डिलीटेड आयटम्स’मधून पुसल्यावर काढण्याची अशा दोन उपचौकटी आहेत, त्यांचा विचार थंडरबर्डप्रमाणेच करावा.

आउटलुकमध्ये आणखी एक सेटिंग यात गुंतलेले असते. ‘ऑप्शन्स’मधील ‘अॅडव्हान्स्ड’ भागात, आउटलुक बंद करताना ‘डिलीटेड आयटम्स’ रिकामे करावे अशी खूण असते. ती आणि वरची दुसरी उपचौकट या दोन्ही चालू असतील, तर चुकून पुसलेला संदेश संध्याकाळी प्रोग्राम बंद केल्यावर संगणकावरून जातो आणि नंतर सर्व्हरवरूनही जातो. परत आणायला कुठेच काही उरत नाही. या दोन्हींपैकी निदान एक तरी बंद असलीच पाहिजे.

जीमेल आणि आउटलुक डॉट कॉम यांचा स्वतःचा नियम

सर्व्हर जीमेलचा असेल तर अंतिम निर्णय प्रोग्राम घेत नाही. ब्राउझरमध्ये जीमेलच्या सर्व सेटिंग्ज उघडून ‘फॉरवर्डिंग अँड पॉप/आयमॅप’ या पानावर गेल्यावर, पॉपने संदेश घेतल्यानंतर जीमेलच्या प्रतीचे काय करावे याचे चार पर्याय दिसतात. प्रत इनबॉक्समध्ये ठेवावी, वाचलेली म्हणून नोंदवावी, आर्काइव्हमध्ये टाकावी किंवा पुसावी. इथे पहिला पर्याय निवडावा. चौथा निवडलेला असेल तर संगणकावर ‘प्रत ठेवा’ ही खूण असूनही संदेश जीमेलच्या ट्रॅशमध्ये जातो आणि तिथून ३० दिवसांनी कायमचा पुसला जातो.

जीमेल खाते दोन संगणकांवर पॉपने उघडल्यास पहिल्याने घेतलेले संदेश दुसऱ्याला मिळत नाहीत, असाही अनुभव येतो. त्यासाठी प्रोग्राममधील वापरकर्त्याच्या नावाच्या जागी पत्त्याच्या आधी रोमन लिपीत ‘रीसेंट’ हा शब्द आणि त्याला लागून अपूर्णविराम लिहावा. मग गेल्या ३० दिवसांचे संदेश, दुसरीकडे उतरवलेले असले तरी, या संगणकालाही मिळतात. पासवर्ड स्वीकारला जात नसेल तर त्याचे कारण बहुधा वेगळे असते. ३० मे २०२२ पासून गूगलने बाहेरच्या प्रोग्राममध्ये नुसता नेहमीचा पासवर्ड चालवणे टप्प्याटप्प्याने बंद केले. थंडरबर्ड गूगलच्या पानावरून परवानगी घेतो. ज्या प्रोग्रामला ते जमत नाही त्याच्यासाठी दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा ‘अॅप पासवर्ड’ तयार करावा लागतो.

आउटलुक डॉट कॉमच्या वेबवरील सेटिंग्जमध्ये पॉपची परवानगी देताना, उपकरणांना संदेश पुसू देऊ नये असा पर्याय मिळतो. तो अवश्य निवडावा. मग एखाद्या संगणकाने पुसण्याची आज्ञा दिली तरी संदेश नष्ट न होता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला जातो. होस्टिंग कंपन्यांच्या साध्या सर्व्हरवर असे संरक्षण सहसा नसते. प्रोग्रामने पुसा म्हटले की तो पुसतो. म्हणूनच स्वतःच्या डोमेनची खाती वापरणाऱ्यांनी अधिक सावध असले पाहिजे.

एकाहून अधिक संगणक असतील तर

ज्या कार्यालयांत आयमॅपकडे जाणे लगेच शक्य नसते, तिथे पुसण्याचा अधिकार एकाच संगणकाकडे असावा. मुख्य संगणक ठरवावा, त्याचा बॅकअप नियमितपणे होईल असे पाहावे आणि ‘इतक्या दिवसांनंतर काढा’ ही खूण हवी असेल तर फक्त त्याच्यावर ठेवावी. बाकी सर्व संगणकांवर आणि मोबाइलवर प्रत कायम ठेवण्याची खूण असावी, दिवसांची मर्यादा नसावी. एका संगणकावर १४ दिवस आणि दुसऱ्यावर ६० दिवस अशी वेगवेगळी मर्यादा ठेवली, तर प्रत्यक्षात १४ दिवसांचाच नियम लागू होतो, कारण संदेश एकदा गेला की दुसऱ्याला तो कुठून मिळणार? मोबाइलवर तर पॉप वापरूच नये. फोनवर तेच खाते आयमॅपने आणि कार्यालयात पॉपने उघडलेले चालते. मुख्य संगणकाने प्रत राखली की दोन्ही सुरळीत चालतात. फक्त फोनवरून पुसलेला संदेश सर्व्हरवरून जातो आणि तोवर संगणकाने घेतला नसेल तर संगणकालाही मिळत नाही, हे सर्वांना सांगून ठेवावे.

बदल लागू झाला का, हे पाहणे

सेटिंग जतन केल्यावर दुसऱ्या खात्यावरून स्वतःला एक संदेश पाठवावा. तो आधी वेबमेलमध्ये दिसतो का पाहावा, मग संगणकावर मेल मागवावे आणि पुन्हा वेबमेल ताजे करून तो तिथे आहे का, हे तपासावे. त्यानंतर तो संदेश संगणकावरून पुसून ट्रॅशही रिकामे करावे, पुन्हा मेल मागवावे आणि सर्व्हरवर काय होते ते पाहावे. आपण निवडलेल्या उपचौकटींप्रमाणे घडले तर मांडणी बरोबर आहे. या तपासणीला पाच मिनिटे लागतात, आणि खऱ्या पत्रव्यवहारावर प्रयोग करण्यापेक्षा ती केव्हाही बरी.

एक धोक्याची सूचना इथेच देतो. महिनोन्महिने प्रत सर्व्हरवर ठेवल्यानंतर कोणी ती खूण काढली, तर नियम फक्त नव्या संदेशांना लागू होईल असे समजू नये. थंडरबर्ड पुढच्या फेरीत आधी उतरवलेले आणि सर्व्हरवर राखलेले सगळे संदेश काढून टाकतो. जागा मोकळी करण्यासाठी ही खूण काढणे म्हणजे संपूर्ण साठा एका दमात पुसणे आहे.

तेच संदेश पुन्हा उतरू लागले तर

काही वेळा अचानक हजारो जुने संदेश नव्यासारखे संगणकावर येऊ लागतात. ओळखखुणांची यादी हरवली किंवा बिघडली, प्रोग्राम नव्याने बसवला, किंवा होस्टिंग कंपनीने सर्व्हर बदलल्यामुळे संदेशांच्या खुणाच बदलल्या, अशा वेळी हे घडते. घाबरून दुबार संदेश पुसत सुटू नये. ‘अन्टिल आय डिलीट देम’ ही खूण चालू असेल तर दुबार प्रत पुसताना सर्व्हरवरची मूळ प्रतही जाईल. आधी ती खूण काढावी, सगळे उतरू द्यावे आणि मग दुबार प्रती काढाव्यात. यादीच्या या वागण्याचा उलट उपयोगही होतो. संगणकावरून चुकून गेलेले पण सर्व्हरवर असलेले संदेश परत हवे असतील, तर थंडरबर्ड बंद करून ‘पॉपस्टेट’ फाइलचे नाव बदलावे. प्रोग्राम पुन्हा सुरू केल्यावर सर्व्हरवरचे सारे संदेश नव्याने उतरतात.

जागेचा प्रश्न

सर्व्हरवर सगळे ठेवायचे म्हटले की जागा भरणारच. जीमेलची मोफत १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात वाटली जाते. होस्टिंग योजनांमध्ये ती बहुधा यापेक्षा बरीच कमी असते. खाते भरले की नवे मेल परत फिरतात आणि पाठवणाऱ्याला ‘मेलबॉक्स फुल’ असा निरोप जातो. आपल्याला मात्र काहीच कळत नाही. म्हणून जागा ८० टक्क्यांवर गेली की हालचाल करावी. मोठ्या जोडफायली असलेले संदेश आकारानुसार लावून आधी तेच काढावेत, आणि काढण्यापूर्वी ते मुख्य संगणकावर खरोखर उतरले आहेत याची खात्री करावी.

किती काळ ठेवावे, हे जागेपेक्षा गरजेवर ठरवणे मला योग्य वाटते. वस्तू व सेवा कर कायद्याखाली हिशोबाचे दप्तर त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावे लागते. ज्या कार्यालयाची बिले आणि खरेदीचे आदेश मेलवरच येतात, त्याने १४ दिवसांच्या मर्यादेवर विसंबून राहणे परवडणारे नाही.

पॉपमधून आयमॅपकडे

थंडरबर्डमध्ये असलेल्या खात्याचा प्रकार पॉपवरून आयमॅप असा बदलता येत नाही. तोच पत्ता आयमॅप म्हणून नव्याने जोडावा लागतो. पोर्ट ९९३, सुरक्षा एसएसएल/टीएलएस. जुने पॉप खाते लगेच काढू नये, मात्र त्याची आपोआप मेल तपासण्याची सूचना बंद करावी. मग आयमॅप खात्यात वर्षवार फोल्डर तयार करून जुन्या खात्यातील संदेश थोड्या थोड्या संख्येने ‘कॉपी’ करावेत, ‘मूव्ह’ करू नयेत. हे संदेश सर्व्हरवर चढत असतात, त्यामुळे वेळ लागतो आणि मध्येच जोडणी तुटू शकते. प्रत्येक फोल्डर झाले की वेबमेलमध्ये जाऊन संख्या ताडून पाहावी. सर्व्हरवरून पूर्वीच पुसले गेलेले, पण संगणकावर शिल्लक असलेले संदेश सर्व्हरवर परत नेण्याचाही हाच मार्ग आहे. ‘सेंट’ फोल्डरही विसरू नये.

आयमॅप झाल्यावरही बॅकअप लागतोच. एका ठिकाणी पुसले की ते सगळीकडे पुसले जाते आणि पासवर्ड चोरीला गेला तर चोरालाही तो अधिकार मिळतो. म्हणून आयमॅप खात्यातील वर्षभराचे संदेश आर्थिक वर्ष संपल्यावर थंडरबर्डच्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये किंवा आउटलुकच्या वेगळ्या पीएसटी फाइलमध्ये कॉपी करून, ती प्रत संगणकापासून वेगळ्या ठेवलेल्या डिस्कवर उतरवावी, आणि ती उघडते का, हे दुसऱ्या संगणकावर तपासून पाहावे.